धारूरच्या घाटातली वाकडी झाडे

वाचकहो, तेलगावहून केजकडे निघालात की धारूरचा घाट लागतो. बहुतेक प्रवासी इथला किल्ला पाहायला येतात. तो सोळाव्या शतकात, आदिलशाहीच्या काळात बांधला गेला. सीताफळाच्या दिवसांत आलात तर बालाघाटच्या या डोंगरातली सीताफळेही खाल. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आज मात्र आपण घाटात थांबून झाडांचे बुंधे पाहू. बांधावरचे झाड ही घरची ठेव असते. ती कशी वाढते, हे आपल्याला ठाऊक हवे.

उतारावरची माती हळूहळू खाली सरकते आणि तिच्याबरोबर झाड दरीकडे कलते. मग बाभूळ, कडुनिंब यांसारखी झाडे डोंगराकडच्या बाजूला वेगळेच लाकूड धरतात. ते ताणलेल्या दोरासारखे खोडाला वर ओढते. म्हणून बुंधा कमानीसारखा वळलेला दिसतो. अशा लाकडाची फळी वाकते, पिळते. सुतार ती दाराला घेत नाही. पण लाकडी नांगरासाठी मुद्दाम अंगच्या बाकाचेच लाकूड शोधत. बाकाबरोबर त्याचे तंतूही वळलेले असतात. सरळ लाकूड तासून बाक काढला तर तंतू तुटतात आणि ते तिथेच मोडते.

आता गाठी पाहा. खोड जाड होताना फांदीचे बूड आपल्या पोटात घेते, तीच फळीतली गाठ. फांदी जिवंत असेल तर गाठ घट्ट बसते. वाळलेली असेल तर गाठ सुटते आणि फळीला भोक पडते. कुऱ्हाडीचा घाव, कीड किंवा बुरशी यांमुळे सालीखालचे झोपलेले डोळे एकाच जागी भराभर फुटू लागले, तर फुगीर गाठोडे तयार होते. त्यातले तंतू भोवऱ्यासारखे फिरतात. ते फोडायला कठीण, पण रंधा मारल्यावर नक्षी सुंदर निघते.

मंडळी, काही व्यंगे मात्र आपणच देतो. कुंपणाची तार झाडाला गुंडाळली की खोड जाड होताना ती सालीत रुतते. पानांत तयार झालेले अन्न सालीतूनच मुळांकडे उतरते. ती वाट आवळली की झाड खंगते. झाड उंचीने शेंड्याकडे वाढते. त्यामुळे छातीच्या उंचीवर ठोकलेला खिळा वीस वर्षांनीही छातीच्याच उंचीवर, पण आत गडप झालेला असतो. तो करवतीचे पाते मोडतो, कापणाऱ्याला इजा करतो. मग गिऱ्हाईक भाव पाडते.

तेव्हा तारेसाठी वेगळा खांब रोवा. नको असलेली फांदी बोटाएवढी असतानाच छाटा. तिच्या बुडाशी फुगीर कडे असते. ते न दुखवता, पण खुंटही न ठेवता कापा. जखम लवकर भरते आणि पुढचे लाकूड बिनगाठीचे येते. आणि वाकडे झाड सरपणात घालण्याआधी एकदा जाणत्या सुताराला दाखवा.