गोठलेलं तेल

टोळीच्या, म्हणजे मोहाच्या बीच्या, तेलाचा वास सांगून कळत नाही. कढई तापू लागली की आधी तो कडवट येतो, घशाच्या मागे कुठेतरी जाऊन बसतो. मग निळसर धूर वर चढतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि त्या धुराबरोबर कडूपणा थोडा थोडा सुटत जाऊन मागे जे उरतं ते जड असतं, गोडसर असतं, आणि वळवाच्या पहिल्या सरीनंतर मोहाच्या झाडाखाली उभं राहिल्यावर जे नाकात भरतं त्याच्या फार जवळचं असतं. पण मला राहून राहून आठवतो तो या वासाच्याही आधीचा क्षण. जानेवारीची सकाळ, कुडाच्या भिंतीतून येणाऱ्या उन्हाच्या बारीक रेघा, आणि चुलीशी कलती करून ठेवलेली काचेची बाटली. आत तेल गोठलेलं. पांढरट पिवळं, घट्ट, गप्प. चुलीकडची बाजू आधी पाझरायची, काचेच्या कडेने सोनेरी रेघ उतरायची, आणि मग तो सगळा गोळा हळूच एका अंगाला सरकायचा. त्या सरकण्याची वाट पाहत आम्ही पोरं बसून असायचो. दुसरं काही काम नसायचं. थंडी असायची फक्त.

बाबा आश्रमशाळेत गुरुजी होते. गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीहून पुढे, सूरजागडच्या डोंगराच्या पायथ्याला एका टोल्याशेजारी, म्हणजे लहानशा पाड्याशेजारी, आम्ही राहायचो, आणि ती बाटली, ती चूल, तो धूर हे सगळं शेजारच्या माडिया आजीचं होतं. तिला मराठी थोडं यायचं, मला माडिया त्याहून थोडं. पण चुलीपाशी बसायला भाषा लागत नाही. जानेवारीत ठाकूरदेवाची जत्रा भरायची. दूरदूरच्या गावांतून माणसं पायी यायची, ढोलांचा आवाज डोंगरावरून उतरत उतरत रात्री आमच्या अंथरुणापर्यंत पोचायचा, आणि त्या दिवसांत आजीच्या कढईत एरवीपेक्षा थोडं जास्त तेल पडायचं.

थोडं जास्त म्हणजे किती, हे आज मी मोजू शकते. तेव्हा ते मोजायची गरज नव्हती, कारण त्या बाटलीतला प्रत्येक थेंब कुणाच्या तरी हातांनी मोजूनच आलेला असायचा.

मोहाची फुलं चैत्रात पहाटे पहाटे गळतात, ती वेचायचं कौतुक सगळ्यांनी केलं आहे. टोळीचं कौतुक कुणी करत नाही. फुलांनंतर फळं धरतात, पाऊस तोंडावर आला की ती पिकून पडतात, आणि मग बाया पोरं टोपली घेऊन त्यांच्या मागे लागतात. वरचा गर काढायचा, आतल्या बीचं कवच फोडायचं, दोन डाळिंब्या निघतात त्या उन्हात वाळवायच्या, आणि हे सगळं पावसाच्या आत, कारण एकदा भिजली की टोळीला बुरशी येते. मग कुटायची, कुटलेला भुगा बांबूच्या टोपलीत घालून वाफवायचा, आणि गरम असतानाच दोन जाड ओंडक्यांच्या मध्ये धरून वरून माणसांनी आपलं सगळं वजन टाकायचं. आजी त्या ओंडक्यावर बसायची, तिच्या दोन्ही सुना बसायच्या, आणि कुणी नसेल तेव्हा मलाही बसवायची. माझ्या वजनाने काय व्हायचं! पण खालच्या खोलगट भांड्यात पहिला थेंब पडला की आजी माझ्याकडे असं बघायची, जणू तो माझ्याच वजनाचा होता. उरलेली ढेप वाया जात नसे. ती पाण्यात टाकली की मासे गुंगतात, जाळली की तिच्या धुराने डास हटतात.

आणि एवढ्या खटाटोपातून आलेलं तेल कढईत कमीच जायचं. टोल्यावरचं रोजचं खाणं उकडलेलं, शिजवलेलं असे. कोसरीचा भात, जावा, आंबील, रानातली भाजी, कधी मासे, कधी लाल मुंग्यांची आंबट चटणी. तेल भाजीत घालायचं ते तिच्या तळहाताच्या खळग्यात मावेल इतकंच. बाकीचं केसांना, भेगाळलेल्या टाचांना, आणि बाळंतिणीच्या घरी नव्या जिवाच्या अंगाला. जन्मल्या जन्मल्या ज्या तेलाने अंग चोळलं जातं तेच तेल पुढे ताटात येतं, हे मला अजून फार हृद्य वाटतं. परकेपणा सुरूच होत नाही.

मग आम्ही नागपूरला आलो. बाबांची बदली, निवृत्ती, फ्लॅट, लिफ्ट. आणि एके दिवशी रक्ततपासणीचा एक कागद घरात आला, त्यावरचे दोन आकडे जाड अक्षरांत होते, आणि त्या संध्याकाळी आईने तुपाचा डबा वरच्या फळीवर ठेवला. संपृक्त चरबी हा शब्द तेव्हा पहिल्यांदा घरात बोलला गेला. बाबा गडचिरोलीत हयात घालवलेले, त्यामुळे तिथेच काम करणाऱ्या डॉ. अभय बंगांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ त्यांनी शेजाऱ्याचं पत्र वाचावं तसं वाचलं. १९९५ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, डॉक्टर असलेल्या आणि रोज खेड्यापाड्यांत राबणाऱ्या माणसाचं हृदय कुरकुरतं, आणि तो अमेरिकी डॉक्टर डीन ऑर्निश यांच्या वाटेने तेल तूप जवळजवळ सोडून, चालणं, योग, ध्यान धरून, स्वतःच्या मनाशी बसून बोलतो. बाबांनी त्यातलं मनाचं प्रकरण अधोरेखित केलं आणि आईने तेलाचं. आमच्या घरात कित्येक महिने फोडणी वाजली नाही. जेवताना घर किती शांत होतं, ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

आईची काळजी खोटी नव्हती. संपृक्त चरबी जास्त खाल्ली की रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं, ते वर्षानुवर्षं धमन्यांच्या भिंतीत साठत राहतं, हे पुन्हा पुन्हा तपासून झालेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली पुन्हा तेच सांगितलं की दिवसाच्या उष्मांकांपैकी एक दशांशाहून जास्त वाटा या चरबीचा नसावा. दोन हजार उष्मांक खाणाऱ्याला म्हणजे बावीसेक ग्रॅम.

आणि मग मला ती बाटली आठवते. तेल गोठतं ते का? संपृक्त चरबीच्या साखळ्या सरळ असतात, कुठे वाक नाही, म्हणून गारठा पडला की त्या एकमेकींना खेटून बसतात आणि घट्ट होतात. आजीच्या चुलीशी आम्ही ज्याची वाट पाहत बसायचो ते याच साखळ्यांचं सुटणं होतं. टोळीच्या तेलात संपृक्त चरबी जवळजवळ निम्मी. खोबरेल त्याहून पुष्कळ पुढे, नव्वद टक्क्यांच्या आसपास. तूप साठीच्या पुढे. आपल्या विदर्भातलं जुनं जवसाचं तेल मात्र कडाक्याच्या थंडीतही वाहतंच राहतं, कारण त्यात संपृक्त चरबी दहा टक्क्यांच्या घरातली. कागदावर पाहिलं तर आजीची बाटली संशयितच ठरते. तिच्या बाजूने एवढं म्हणता येतं की त्या संपृक्त चरबीतला बराच भाग स्टिअरिक आम्लाचा आहे, आणि ते एलडीएल फारसं वाढवत नाही. पामिटिक आम्ल वाढवतं, आणि तेही तिच्यात आहेच. मी तिची वकिली करायला बसलेले नाही. एका मोठ्या चमच्यात सहा ग्रॅम, हा हिशेब तिच्या तेलालाही लागू आहे.

पण आजी चमच्याने खात नव्हती.

हे मला उशिरा उलगडलं, आणि तेही एका पिशवीमुळे. २०२२ च्या दिवाळीत सरकारने रेशनवर ‘आनंदाचा शिधा’ दिला. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, आणि एक लिटर पामतेल. त्या हिवाळ्यात मी पुन्हा टोल्यावर गेले होते. आजी नाही आता. तिची धाकटी सून त्याच घरात राहते, घर मात्र सिमेंटचं झालं आहे. तिने मला चहाबरोबर गरम भजी दिली, आणि बाजूला ती पिशवी होती, कात्रीने कोपरा कापलेली, निम्मी रिकामी. पामतेलही जवळजवळ निम्मं संपृक्तच. म्हणजे टक्केवारीत आजीच्या तेलाच्या अगदी शेजारी बसणारं. एका तेलासाठी ज्येष्ठ महिनाभर बायांचे हात काळे होत, ओंडक्यावर सगळ्या घराचं वजन पडे. दुसऱ्यासाठी कोपरा कापावा लागतो. शरीराला पिशवी कळत नाही की ओंडका कळत नाही, त्याला फक्त किती आलं आणि किती खर्च झालं तेवढं कळतं. आणि आजीच्या दिवसांत येण्याच्या आधीच अर्धं खर्च होऊन गेलेलं असायचं. ते तेल मिळवताना जेवढी पावलं पडत, जेवढं वाकणं, उचलणं, कुटणं होई, तेवढ्यात त्याचं देणं फिटून जाई. तिच्या ताटात चरबीची भीती नव्हती, टंचाई होती. टोल्यावरच्या कित्येक पोरांच्या हाडांवर मांस धरायचं नाही. त्यांना तो तळहातभर स्निग्धपणा हवा होता, आणखीही हवा होता.

चहा पिता पिता मी बाहेर बघत होते. रस्त्यावरून ट्रक जात होते, एकामागून एक, लोहखनिजाने भरलेले. सूरजागडच्या डोंगरावरचा खाणपट्टा २००७ सालचा; २०२१ पासून मात्र काम असं सुरू झालं की धूळ बसायला उसंत नाही. पानांवर लाल थर, छपरांवर लाल थर, वाळवणावर लाल थर. पोरांना काम मिळालं आहे, हातात पैसा आला आहे, तो मी कुठल्या तोंडाने नाकारू? रस्त्याच्या कडेला टपऱ्या लागल्या आहेत, तिथे समोसे तळले जातात, सकाळच्या तेलात दुपारचे आणि दुपारच्या तेलात रात्रीचे. डंपरवर बारा तास बसून असलेला तरुण ते खातो. त्याच्या आईने टोळीसाठी जेवढं रान पायाखाली घातलं तेवढं त्याला आता घालावं लागत नाही. मला काळजी वाटते ती त्याची. खूप वाटते.

आणि मोहाचं झाड? त्याला फळायला वर्षं लागतात. वडिलांच्या हयातीत लावलेलं लेकीला टोळी देतं. रस्ता रुंद होतो, झाड जातं, आणि मग घरातली बाटली रिकामी झाल्यावर तिच्या जागी पिशवी येते. यात कुणी काही निवडलेलं नसतं, तरी ताट बदललेलं असतं.

काळजी करायची तर कशाकशाची करायची, हे मला गडचिरोलीनेच शिकवलं. चातगावच्या ‘सर्च’ने, म्हणजे बंगांच्याच संस्थेने, इथल्या खेड्यांतल्या मृत्यूंचा माग काढला आणि २०१५ साली जे प्रसिद्ध केलं ते वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. मृत्यूचं सर्वांत मोठं कारण पक्षाघात. सात मरणांतलं एक. भरल्या पोटांच्या शहराचा म्हणून समजलेला आजार, रानातल्या माणसांना उभ्याउभ्या पाडणारा. त्यामागे रक्तदाब आहे, आणि रक्तदाबामागे मीठ आहे, तंबाखू आहे. मीठ! ज्या मिठासाठी याच रानातल्या माणसांनी एके काळी व्यापाऱ्याच्या तराजूत चारोळी ओतली, ते आता दहा रुपयांच्या कुरकुरीत पाकिटात, लोणच्यात, शेवेत, मागाल तेवढं. आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा तर लेकराच्या खिशातही सापडतो.

म्हणून धाकटी सून, जिला मी वहिनी म्हणते, तिने परवा फोनवर विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर तयार होतं. तिला आताशा चक्कर येते. उपकेंद्रातल्या नर्सताईंनी रक्तदाब वाढला म्हणून सांगितलं, गोळी दिली, आणि वर तेलकट खाऊ नको असंही. वहिनीने त्यातलं तेलाचं तेवढं मनावर घेतलं होतं.

“टोळीचं बंद करू का बाई?” तिने विचारलं. “सासूबाईंच्या वेळचं हाय, पण ते गोठते ना. अंगातबी गोठत असंन.”

मी तिला म्हटलं, अंगात ते असं गोठत नाही. सासूबाई घालायच्या तेवढंच घाल, तळहाताएवढं, त्याच्यावर नको. भजी रोज नको. टपरीवरचं तर अजिबात नको. जवस मिळालं तर त्याची चटणी कर. पाकिटातलं खारं पोरांनाही देऊ नको. गोळी चुकवू नको, बरं वाटलं तरी चुकवू नको. आणि वहिनी, खर्रा सोड. तेलाच्या आधी तो सोड.

पलीकडे बराच वेळ नुसता ट्रकचा आवाज येत राहिला.

“गोळीचं पक्कं,” ती म्हणाली. “भज्याचंबी जमंन. खर्र्याचं नाही सांगत तुले आत्ता. सोमवारी ताई येते दाब पाहाले, तिले विचारतो कसा सोडाचा ते.”

मी सोमवारी संध्याकाळी फोन करणार आहे.