गवाह

निकाहनाम्याचा कागद आपण कधी नीट वाचतो का? महरची रक्कम पाहतो, तारीख पाहतो आणि घडी घालून ट्रंकेत ठेवून देतो. त्याच कागदावर खाली दोन गवाहांच्या सह्या असतात. हनफी रिवाजात गवाहांशिवाय निकाह होत नाही. इजाब आणि कबूल त्यांच्या कानावर पडलं पाहिजे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. सही केली, छुहारे वाटले, दस्तरखानावर जेवले की त्यांचं काम संपलं. पुढच्या आयुष्यात त्या दोघांनी काय करायचं, हे कागदावर कुठेच नसतं.

माझा निकाह १९८८ च्या मे महिन्यात मिरजेत झाला. दोन्ही गवाह माझे दोस्त. एक नुकताच शाळेत लागलेला मास्तर, दुसरा ट्रकवरचा ड्रायव्हर. तिसरा दोस्त लिंगायत. त्याची सही निकाहनाम्यावर चालणार नव्हती, पण खरा राबला तोच. मोगऱ्याच्या सेहऱ्याआडून मला धड दिसत नव्हतं. कोपराला धरून त्यानंच मला मंडपात आणून बसवलं. मटणाच्या देगकडे तो फिरकला नाही. मात्र पाणी, शामियाना, भाड्याची भांडी, सगळा हिशोब त्याच्या डायरीत. परत करताना दोन पितळी जग कमी भरले. त्याचे पैसे त्यानं खिशातून दिले, हे मला दहा वर्षांनी कळलं, तेही त्याच्या बायकोकडून.

वकील आणि दोघे गवाह पडद्याजवळ जाऊन मुलीची इजाजत घेऊन आले, मग काझीसाहेबांनी खुतबा पढला. मास्तर अजून म्हणतो, "भाभीचा आवाज तुझ्याआधी मी ऐकलाय." विनोद जुना झाला, पण त्यात एक गंभीर गोष्ट आहे. ती मला लग्नाच्या तिसऱ्या वर्षी समजली.

त्या वर्षी आमचं बिनसलं. कशावरून, ते आज दोघांनाही धड सांगता येणार नाही. बायको माहेरी गेली ती चार महिने आली नाही. दोन्हीकडचे बुजुर्ग फारकतीची भाषा बोलू लागले. एका रात्री ड्रायव्हर कोल्हापूरहून माल उतरवून थेट घरी आला, सोबत मास्तर. मला वाटलं, दोस्त आपली बाजू घ्यायला आले. मास्तर म्हणाला, "आम्ही तुझे गवाह नाही, निकाहचे गवाह आहोत. तिनं हां म्हटलेलं आम्ही ऐकलंय. तिचं काय म्हणणं आहे, ते आधी ऐकणार." दुसऱ्या दिवशी दोघं माझ्या सासुरवाडीला जाऊन आले. तिथं काय बोलणं झालं, ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आठ दिवसांनी बायको परतली.

आपल्याकडे जमातीचे पंच असतात, ते बहुतेकदा भांडण पिकल्यावर येतात. गवाहांना मात्र कुणी विचारत नाही. त्यांना विचारायची पद्धत पडली असती, तर कितीतरी घरं वाचली असती असं मला वाटतं.

दोस्ती टिकली म्हणजे सगळं गोडच होतं असं नाही. मास्तर पुढे जमातीत जाऊ लागला. माझ्या लग्नातला बँड आणि हळद त्याला आता चुकीची वाटते, आणि तसं तो तोंडावर सांगतो. २००९ च्या सप्टेंबरमध्ये गणेशोत्सवात कमानीवरच्या चित्रावरून मिरजेत दंगल झाली, संचारबंदी लागली. त्या दिवसांत लिंगायत दोस्त फोनवर गरजेपेक्षा जास्त बोलायचा, मास्तर गरजेपेक्षा कमी. आपल्या कथांतून अशा वेळी कुणीतरी कुणालातरी वाचवायला धावतो. आमच्यात कुणी धावलं नाही. उलट ते दोघं एकमेकांना टाळू लागले. मास्तरच्या अम्मीचा इंतकाल झाला, तेव्हा लिंगायत दोस्त न बोलावता आला, जनाजाला खांदा दिला आणि कब्रस्तानच्या दारात चपला काढून उभा राहिला. मास्तरनं बाहेर आल्यावर त्याला एवढंच विचारलं, "चहा घेतलास का?"

ड्रायव्हर हे सगळं पाहायला नव्हता. तो २००३ मध्येच गेला. हार्ट अटॅक, पंचेचाळिशीच्या आत.

२०११ मध्ये बायकोच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव लावायचं म्हणून लग्नाचा सरकारी दाखला हवा होता. (डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टला त्याची गरज राहिलेली नाही.) महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानं विवाहनोंदणीला तीन साक्षीदार लागतात. त्या अर्जात साक्षीदार मुसलमान आहे की नाही, पुरुष आहे की बाई, असा रकाना नाही. मी हिशोब मांडला. मास्तर आहेच, लिंगायत दोस्ताची तेव्हा राहिलेली सही आता होईल, तिसरा ड्रायव्हरचा धाकटा भाऊ.

बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "तिन्ही तुमचेच? माझ्या लग्नाला माझं कुणी नव्हतं का?"

होतं ना. तिच्या हातावर मेंदी काढणारी, रात्रभर ढोलक वाजवणारी मैत्रीण होती. ती इचलकरंजीला दिली, मिरजेपासून तास-दीड तासावर. तरी दोघींची चौदा वर्षांत भेट नव्हती. सासर, मुलं, दुखणी, आणि एकटीनं एस.टी.त बसायला घरातून मिळणारी परवानगी. आम्ही पुरुष दर जुम्म्याला, दर ईदला, चहाच्या गाड्यावर भेटत आलो. आमची दोस्ती टिकायला फारशी मेहनत लागली नाही. बायकांना त्यासाठी निमित्त लागतं, तेही घरच्यांना पटेल असं.

सरकारी काम हे निमित्त घरच्यांना पटलं. मैत्रीण थोरल्या मुलाला घेऊन आली. कार्यालयात आधी मास्तरनं सही केली. मग लिंगायत दोस्तानं. त्यानं येताना ती १९८८ ची डायरी आणली होती, कारकुनाला पुरावा म्हणून दाखवायला. कारकुनानं ती बाजूला सारली. शेवटी मैत्रिणीनं उर्दूत सही केली आणि विचारलं, "मराठीत करू का?" कारकून म्हणाला, "करता तशीच करा."

काम अर्ध्या तासात उरकलं. आम्ही तिघं चहा पिऊन परत आलो, तरी दोघी बाकावरून उठल्या नव्हत्या. मुलगा म्हणाला, "अम्मी, साडेचारची गाडी." ती म्हणाली, "पुढची किती वाजता आहे, बघून ये."