संसर्गाची मुदत

संसर्ग हा शब्द वर्गात शिकवताना आम्ही त्याचा जुना अर्थ आधी सांगतो: सहवास, संगत. संसर्ग सज्जनांचाही असतो, असे म्हटले की मुले हसतात, कारण रोगाशी या शब्दाची गाठ आता घट्ट पडली आहे. २०२१ पासून मात्र हे उदाहरण देताना आम्हीच अडखळतो. त्याचे कारण येथे नोंदवून ठेवावे असे वाटते.

आम्ही दोघे अमरावतीतील एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एक इथले, दुसरे अकोल्याहून येऊन-जाऊन करणारे. आमच्या विभागातील शिपायाला सारे ‘भाऊ’ म्हणतात. नोकरी कंत्राटी, पगार हजेरीवर. २०२१ च्या जानेवारीत भाऊंना ताप आला, तपासणीत कोरोना निघाला. अठराव्या दिवशी ते विभागाच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, “सर, मॅडम, आता तं मले काहीच नाही. येऊ का कामावर?”

आम्ही म्हणालो, “भाऊ, निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन या, मग पाहू.”

त्यांनी पुन्हा तपासणी केली. रिपोर्ट पॉझिटिव्हच आला. आमची खबरदारी योग्यच होती असे आम्हांला वाटले. भाऊ परत गेले. पुढे २२ फेब्रुवारीला अमरावतीत टाळेबंदी लागली, अकोल्यातही लागली. भाऊ कामावर आले ते थेट मार्चमध्ये. टाळेबंदीचे दिवस कुणाच्याच हातात नव्हते. पण त्याआधीची जवळजवळ तीन आठवड्यांची हजेरी बुडाली ती आमच्या त्या एका वाक्याने.

पुढे याविषयी वाचत गेलो तसतशी आमची चूक उलगडत गेली. कोरोनाचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून दुसऱ्याला रोग देऊ शकतो आणि लक्षणांच्या आरंभी ही शक्यता सर्वाधिक असते. सौम्य आजारात दहा दिवसांनंतर जिवंत विषाणू क्वचितच सापडतो. आजार गंभीर असेल वा प्रतिकारशक्ती क्षीण असेल तर मुदत लांबते. आरटी-पीसीआर तपासणी मात्र विषाणूच्या जनुकीय द्रव्याचे अवशेषही टिपते. ते अवशेष कित्येक आठवडे राहू शकतात आणि त्यांच्यापासून कुणाला रोग होत नाही. म्हणूनच केंद्र सरकारच्या ८ मे २०२० च्या सुधारित धोरणात सौम्य रुग्णाला, तीन दिवस ताप नसल्यास, दहा दिवसांनी पुन्हा तपासणी न करता घरी सोडावे आणि त्याने आणखी सात दिवस घरीच राहावे, असे म्हटले होते. दहा आणि सात मिळून सतरा. भाऊ आले होते अठराव्या दिवशी. ज्या दोन दिवसांत त्यांची खरोखर भीती बाळगायला हवी होती, त्या दिवसांत आम्ही त्यांच्या हातचा चहा निश्चिंतपणे प्यालो होतो.

सुतकाविषयी आम्ही एरवी फारसे आदराने बोलत नाही. पण त्याला एक शहाणपण आहे: ते फिटते. दहा दिवस दूर ठेवलेल्या घराला तेरवीच्या पंगतीत चारचौघांसमक्ष परत घेतले जाते. विलगीकरणाला आरंभ होता, दारावरचा कागद होता. शेवटाचा विधी मात्र नव्हता. दिवस भरले, हे सांगायला कुणी आले नाही, आणि शासनाने छापून सांगितले तेव्हा आम्ही वाचले नाही.

खरे तर हा धडा आमच्या गावाला नवा नव्हता. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेले तपोवन अमरावतीतच आहे. कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार सुरू झाला की रुग्णापासून होणारा संसर्ग लवकरच थांबतो. बरा झालेला माणूस घरी परतू शकत नाही तो जंतूमुळे नव्हे. तपोवनावर विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेणारेही आम्हीच.

मार्चमध्ये भाऊ आले तेव्हा स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन आले. आमचा चहा दाराजवळच्या टेबलावर ठेवायचे, स्वतः व्हरांड्यात जाऊन आपल्या पेल्यात प्यायचे. आम्ही ते पाहिले आणि काही बोललो नाही. त्या सत्रात आम्ही दलित आत्मकथने शिकवत होतो, वेगळ्या ठेवलेल्या कपांविषयी मुलांना पोटतिडकीने सांगत होतो.

पुढे मुखपट्ट्या गेल्या, अंतराच्या खुणा पुसल्या गेल्या, मुदतीही उतरल्या. जानेवारी २०२२ मध्ये गृहविलगीकरण सात दिवसांवर आले. भाऊंचा पेला मात्र राहिला. एकदा धीर करून आम्ही म्हटले, “भाऊ, आता इथंच बसून घेत जा ना चहा.”

“राहू द्या मॅडम,” भाऊ म्हणाले, “सवय झाली मले.”

ते रागाने बोलले नाहीत. रागावले असते तर आम्हांला उत्तर देता आले असते.