गाडी हवा घेतेय

पुतण्या पुण्याहून मोटरसायकलवर आला, नागपूर-सिवनी करत. फाटकाशी त्याने थ्रॉटल सोडला, क्लच दाबला, पण इंजिन काही खाली येईना. तसंच वरच्या पट्टीत घरघरत राहिलं आणि मग सायलेन्सरमधून फट-फट असे दोन बार निघाले. मी चहाचा कप खाली ठेवला आणि बसल्या जागेवरून म्हणालो, "हवा घेतेय तुझी गाडी."

"काका, थांबा हं, स्कॅन करून बघू." हेल्मेट डोक्यावरच होतं आणि खिशातून फोन निघाला होता.

'हवा घेणं' हा आमच्या जबलपूरच्या रांझीतला शब्द. मिस्त्री म्हणायचे 'हवा ले रही है', आम्ही घरी त्याचं मराठी केलं. इंजिन जी हवा ओढतं ती सगळी कार्बोरेटरातून, पेट्रोल बरोबर घेऊन आत यायला हवी. पण कार्बोरेटर आणि हेड यांच्या सांध्यात फट पडली की तिथून रिकाम्या हाताने हवा घुसते. मिश्रण पातळ होतं. आयडलिंग चढतं किंवा वर-खाली होतं, पिकअप जातो, इंजिन तापतं आणि प्लग पांढराफटक पडतो. बदामी प्लग म्हणजे तब्येत उत्तम, काजळी धरलेला म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे हवा. आमचे उस्ताद प्लग काढून आधी उन्हात धरायचे, आणि मग बोलायचे.

जबलपूर हे फौजेचं आणि फॅक्टऱ्यांचं गाव. गन कॅरिज फॅक्टरी १९०४ सालची, व्हेईकल फॅक्टरी १९६९ची. शक्तिमान ट्रक इथलाच, आणि 'जोंगा' या नावातला 'ज' तर जबलपूरचाच. फौजेच्या सिग्नल्स कोअरची 'डेअर डेव्हिल्स' ही मोटरसायकल कसरतींची तुकडी १९३५पासूनची, तीही इथली. चालत्या बुलेटवर माणसांचा मनोरा रचून ही मंडळी संथ गतीने समोरून जायची. इतर मुलं मनोऱ्याच्या टोकावरच्या जवानाकडे बघायची; मी खालच्या इंजिनाचा ठोका ऐकायचो. एवढी माणसं अंगावर असताना गाडीने मध्येच हवा घेतली तर काय होईल, या विचाराने मला रात्री झोप लागत नसे.

बाबा व्हेईकल फॅक्टरीत, इन्स्पेक्शनला. फॅक्टरीच्या भोंग्यावर घर चालायचं. १९८६ साली त्यांनी फौजेच्या लिलावातली कंडम बुलेट आणली. वरून काळा रंग चढवला, पण मडगार्डच्या आतल्या बाजूला फौजी हिरवा शेवटपर्यंत राहिला. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. किक मारायची तीही सरळ नाही: आधी अॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, मग किक. हे न पाळणाऱ्याला गाडी उलटी लाथ मारायची. माझा घोटा त्याची साक्ष अजून थंडीत देतो.

२२ मे १९९७च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, जबलपूर हादरलं. आम्ही सगळे अंगणात धावलो. भूकंप थांबल्यावर पाहिलं तर आईच्या कपाटाचा आरसा फुटला होता आणि व्हरांड्यात मेन स्टँडवर उभी असलेली बुलेट आडवी झाली होती. गाव तेव्हा मोठ्या दुःखात होतं, आमचं त्या मानाने काहीच गेलं नव्हतं. पण मी चोविशीतला. सगळं हललंय तर सगळं आवळून टाकावं, असं माझ्या डोक्यात आलं. पाना घेतला आणि दिसेल तो नट जीव खाऊन पिळला. कार्बोरेटरचे दोन्हीही.

दुसऱ्या दिवसापासून गाडी बिघडली. उभ्या उभ्या ओरडायची, चढावर मान टाकायची. घमापूरच्या वाटेवर उस्तादांचं गॅरेज होतं; फौजेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. पाना उचलायच्या आधी त्यांनी लांब नळीची तेलाची कुपी घेतली, गाडी चालू ठेवली आणि कार्बोरेटरच्या सांध्यावर गोलाकार थेंब सोडत गेले. वर, काही नाही. डावीकडे, काही नाही. खालच्या बाजूला थेंब पडला आणि इंजिनाचा चढलेला सूर एकदम खाली आला, दोन क्षण शहाण्यासारखा चालला. तेलाने फट बुजवली होती. तेल आत ओढलं गेलं, सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला आणि सूर पुन्हा चढला.

"बड्डे, नट किसने कसे?"

मी गप्प.

"फ्लँज को केला बना दिया तुमने."

नवा कार्बोरेटर घ्यावा लागणार, असं मी भीत भीत घरी सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. रविवारी दुपारी त्यांनी आईच्या फुटलेल्या आरशाचा एक मोठा तुकडा शोधला, टेबलावर घोंगडी पसरून त्यावर ठेवला. "सपाट काय ते फॅक्टरीत सरफेस प्लेटला विचारतात, घरी काचेला," एवढंच म्हणाले. काचेवर निळाई इतकी पातळ फासली की रंग आहे की नाही ते कळू नये, आणि फ्लँज त्यावर हलकेच टेकवून उचलली. निळा डाग फक्त दोन टोकांच्या कानांवर होता. मधली सगळी कड कोरी. मी नट पिळले तेव्हा कान वाकले होते आणि मध्ये पोकळी झाली होती. नखाच्या कडेएवढी.

मग काचेवर पॉलिश पेपर, त्यावर दोन थेंब रॉकेल, आणि फ्लँज आठच्या आकड्यात घासायची. "इंग्रजी आठ," बाबा म्हणाले, "मराठी आठ काढशील तर एकाच बाजूला झिजेल." वीस फेऱ्या, पुसायचं, निळाई, बघायचं. पुन्हा वीस. निळा डाग कानांकडून हळूहळू मध्याकडे सरकत गेला. दिवेलागणीला कडेने पूर्ण निळी कंकणाकृती उमटली तेव्हा बाबांनी चष्मा काढला. नवं गॅस्केट, आणि नट आवळताना अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे, हात मनगटापुरता. त्यानंतर पॉइंटची फट व्हिजिटिंग कार्डाने जमवली. टॅपेट थंड इंजिनावर असे लावले की पुशरॉड दोन बोटांत फिरावा, पण वर-खाली हलू नये. मदनमहालच्या चढावर जिथे दुसरा गिअर लागायचा तिथे ती तिसऱ्यात जाऊ लागली. त्यात नवा सुटा भाग म्हणाल तर ते एक गॅस्केट.

मधली वर्षं मी भरभर सांगतो. क्रूझर हा शब्द आमच्याकडे २००१-०२च्या सुमारास रुळला. बजाजची एलिमिनेटर आली, पाठोपाठ एनफिल्डची थंडरबर्ड, यामाहाची एन्टायसर. बुटकी सीट, उंच हँडल, पुढे सोडलेले पाय. सदरला एक उभी असली तरी माणसं भोवती जमत. मीही एक घेतली आणि चालवली. तिच्यात कार्बोरेटर रबराच्या जॉइंटवर बसायचा, दोन पट्ट्यांनी आवळलेला. फ्लँजचं केळं होण्याचा प्रश्नच मिटला. रबर मात्र इंजिनाच्या तापाने वर्षागणिक कडक होतं आणि बारीक भेगा पडतात. त्यावर घासायला काच चालत नाही. रबर बदलायचं आणि गप्प बसायचं.

तर पुतण्याची गाडी. साडेतीनशे सीसी, कार्बोरेटर नाही, थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर. १ एप्रिल २०२०ला बीएस-सिक्स लागू झालं तेव्हापासून आपल्याकडच्या नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याने सीटखालच्या सॉकेटात एक डबी खोचली आणि फोन माझ्यापुढे धरला. मिश्रण पातळ, असा कोड होता. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. उस्तादांचा प्लग उन्हात धरला जायचा त्याच्या आत उत्तर हातात. आणि 'आमच्या वेळी' म्हणणाऱ्या मंडळींना मी नेहमी माझा घोटा दाखवतो.

पण फोनने पुढे काही सांगितलं नाही. पातळ आहे, पण कुठून? पंप कमी दाब देत असेल, इंजेक्टर चोंदला असेल, हवा शिरत असेल. शिवाय एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ही गाडी गेले पंधरा दिवस हवा घेत होती आणि पुतण्याला पत्ताच नव्हता. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर बघतो की जळून प्राणवायू उरतोय, तो वर कळवतो, आणि संगणक निमूट पेट्रोल वाढवतो. आयडलिंग चढलं की स्वतःच हवेची वाट बारीक करतो. फट वाढत जाते, तो सांभाळून घेत जातो, आणि त्याच्या हातात काही उरलं नाही की मग पिवळा दिवा लागतो. जुनी बुलेट पहिल्याच सकाळी भांडायची. मला तिचं भांडण बरं वाटतं, पण रोज ऑफिसला जाणाऱ्याला ते परवडत नाही, हेही कळतं.

"निघायच्या आधी कुणी काही उघडलं होतं का?" मी विचारलं.

"पुण्यात एकाकडे थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली. का?"

मी आतून कुपी आणली. काही जण सांध्यावर पेट्रोल किंवा स्प्रे मारतात. तापलेल्या सायलेन्सरशेजारी ते माझ्याच्याने होत नाही. बाजूचं कव्हर काढलं, गाडी चालू केली, थ्रॉटल बॉडीच्या रबरावर थेंब सोडत गेलो. वर, काही नाही. मागे, काही नाही. खाली, आतल्या अंगाला, जिथे बोटच पोहोचत नाही, तिथे सूर पडला. पुतण्याने फोनवरून मान वर केली.

रबराचा ओठ एका बाजूने दुमडून आत गेला होता आणि पट्टी त्यावर तशीच तिरकी आवळलेली होती. सैल केली, ओठ सरळ केला, पट्टी बसवली. वीस मिनिटं. पिवळा दिवा तरी जाईना. संगणकाला खात्री पटेपर्यंत थोडं चालवावं लागतं, म्हणून ग्वारीघाटापर्यंत गेलो, नर्मदेचा वारा खाल्ला आणि परतताना कुठेतरी तो विझला. पुतण्या पुढे, मी मागे बुलेटवर. हो, ती अजून आहे. हल्ली तिला ई-२०, म्हणजे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, पाजावं लागतं. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे साडेचौदा भाग लागतात, इथेनॉलला नऊच. आणि म्हाताऱ्या कार्बोरेटरला हे कोण सांगणार? तो त्याच जेटमधून तेवढंच सोडतो, मिश्रण पातळ पडतं, आणि कुठेही फट नसताना गाडी हवा घेतल्यासारखी वागते. मी एअर स्क्रू पाव फेरा आत घेतलाय.

रांझीत वळलो तेव्हा डावीकडे फॅक्टरीची भिंत लागली. ऑक्टोबर २०२१पासून तिच्या फाटकावरच्या कंपनीचं नाव वेगळं आहे. आम्ही अजून व्हेईकल फॅक्टरीच म्हणतो.

रात्री पुतण्या पुण्याला फोनवर सांगत होता, "काही नाही बाबा, कोड आला होता, रबर नीट बसलं नव्हतं, क्लिअर झालं." मी कुपी पुसली आणि ट्रंकेत ठेवायला गेलो. तळाशी घोंगडीत गुंडाळलेला आरशाचा तुकडा आहे. मध्यभागी इंग्रजी आठच्या आकाराएवढी जागा धुरकट झालेली, तिथे चेहरा दिसत नाही.