लंडनला जायचे ते दर्शनाला की अभ्यासाला?

आम्ही पाच जण येत्या मे महिन्यात दहा दिवसांसाठी लंडनला जाण्याच्या तयारीत आहोत. पाचही जण आपापल्या घरात पासपोर्ट काढणारे पहिलेच. दोन वर्षे भिशी लावून पैसे जमवले. बातमी कळताच चळवळीतल्या मित्रांच्या दोन प्रतिक्रिया आल्या. एक, "बाबासाहेबांच्या घराचे दर्शन घेऊन या." दुसरी, "एवढे पैसे वस्तीतल्या पोरांच्या फीला लावले असते तर?" या दोन्हींना उत्तर दिले पाहिजे, कारण उद्या हेच प्रश्न तुम्हालाही विचारले जातील.

आधी पैशांचे बोलू. प्रस्थापितांची मुले युरोप टूर करून येतात तेव्हा त्यांना हिशेब कोणी मागत नाही. आमच्या पैशाने मात्र फक्त गरजच भागवावी, ही अपेक्षा आता आपलेच लोक करू लागले आहेत. बाबासाहेब १९१६ मध्ये लंडनला पोचले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परत आले. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज एवढ्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा गेले. तेव्हाही समाज उपाशीच होता. आमच्या दहा दिवसांची त्या तपश्चर्येशी तुलना नाही, पण जग पाहणे ही चैन नसून शिक्षण आहे, हा धडा तिथलाच आहे.

व्हिसाच्या तयारीत आणखी एक गोष्ट उघड झाली. फॉर्ममध्ये उत्पन्न, बचत, दरमहाचा खर्च, प्रवासाचा खर्च कोण करणार, सगळे विचारतात. एजंट म्हणाला, "सातबारा असेल तर जोडा, परत येणार असं दिसतं." आमच्यापैकी एकाच्याही नावावर सातबारा नाही. ज्या समाजाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या जमीन आलीच नाही, त्याने परत येण्याची हमी जमिनीने कशी द्यायची? आम्ही मानधनाची पत्रे, बँकेची स्टेटमेंट आणि संस्थेचे रजेचे पत्र जोडले. आमचे परत येणे आमच्या कामाशी बांधलेले आहे.

आता दर्शनाचे. १० किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतले. स्मारकाच्या परवानगीवरून स्थानिक कौन्सिलशी वाद झाला आणि २०२० मध्ये परवानगी मिळाली. तिथे आम्ही जाणारच, पण त्यासाठी एक सकाळ ठेवली आहे. बाकीचे दिवस होबर्न भागासाठी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन आणि ब्रिटिश म्युझियम तिथे पायी फिरता येईल इतक्या अंतरावर आहेत. ज्या माणसाने म्युझियमच्या वाचनालयात दिवसचे दिवस काढले, त्याच्या घराला हार घालून परतायचे आणि ग्रंथालयाची पायरीही चढायची नाही, हा कसला आदर? ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे दप्तर आहे. वाचकपत्र फुकट मिळते, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. म्युझियमलाही तिकीट नाही. तिथे अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे आहेत. आपला बौद्ध वारसा परक्या शहरात का पाहावा लागतो, हा प्रश्न सोबत घेऊनच ती पाहायची.

आणि लंडन म्हणजे समतेचे माहेरघर, असाही भ्रम नको. डॉकलँड्सच्या संग्रहालयात साखर आणि गुलामगिरीवर स्वतंत्र दालन आहे. या शहराची श्रीमंती कोणाच्या पाठीवरच्या वळांतून आली, ते तिथे कळते. जातही तिथे पोचली आहे. २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करावा, असे तिथल्या संसदेने २०१३ मध्ये ठरवले. काही हिंदू संघटनांनी विरोध केला आणि २०१८ मध्ये सरकारने सांगितले की न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत. त्यातला महत्त्वाचा निकाल तिर्की विरुद्ध चंडोक खटल्याचा. घरकामासाठी भारतातून नेलेल्या एका आदिवासी बाईंनी मालकांविरुद्ध तो लढवला आणि जिंकला. म्हणून तिथल्या आंबेडकरी कार्यकर्त्यांना भेटून कायद्याची ही लढाई समजून घेणे आमच्या यादीत फोटोंच्या वर आहे.

परतल्यावर आम्ही दोन गोष्टी करणार आहोत. व्हिसाची कागदपत्रे, वाचकपत्र, स्वस्त मुक्काम आणि एकूण खर्च यांचा हिशेब मांडून वस्त्यांमधल्या अभ्यासिकांत ठेवणार, म्हणजे पुढच्या पाच जणांना एजंटाचे पाय धरावे लागणार नाहीत. आणि दप्तरातून जे टिपून आणू त्यावर जाहीर चर्चा घेणार. फीच्या प्रश्नाला आमचे उत्तर हेच आहे: एका पोराची फी एक वर्ष पुरते, पण परदेशी ग्रंथालयाचा रस्ता माहीत झाला की तो अख्ख्या वस्तीला पुरतो.

जय भीम!