मिस्त्रींची मजुरी

आमच्या तालुक्याच्या गावात बसस्टँडच्या मागे मोटर वायंडिंगचं एक दुकान होतं. मालकाला सगळं गाव मिस्त्री म्हणायचं. कमी दाबाच्या विजेने शेतकऱ्यांच्या पंपाच्या मोटरी जळायच्या आणि मोटरसायकलवर आडव्या बांधून इथे यायच्या. मिस्त्री जळकी तार उपसायचे, खाचांत नवा कागद घालायचे, तांब्याचे वेढे भरून वर वार्निश द्यायचे. मी आज विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र शिकवतो, त्याची सुरुवात त्या वार्निशच्या वासात झाली.

२००५ नंतरची काही वर्षं ज्यांनी मराठवाड्यात काढली, त्यांना भारनियमन समजावून सांगायला नको. दिवसातले बारा-बारा तास लाइट नसायची आणि नेमकी संध्याकाळी जायची. रेशनचं रॉकेल महिना पुरत नसे. माझं दहावीचं वर्ष. सायकलच्या डायनॅमोवर बॅटरी चार्ज होईल का, एवढं विचारायला मी मिस्त्रींकडे गेलो होतो.

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं, ही पहिली गोष्ट मला आठवते. पंधरा वर्षांच्या पोराच्या प्रश्नाला गिऱ्हाइकाच्या प्रश्नाइतकाच मान. म्हणाले, "डायनॅमो सहा व्होल्टचा, तीन वॅटचा. त्याच्यानं सायकलचा दिवा लागतो, बॅटरीचं पोट भरत नाही." मग जीपचा अल्टरनेटर बसवू का, असं मी विचारलं. "त्याच्यात चुंबक नसतं पोरा, कॉइल असते. तिला आधी बॅटरीतूनच करंट द्यावा लागतो. अन् त्याला फिरायला लागतं जोरात. तुझी निम्मी ताकद तोच खाईल."

मग भंगारातून त्यांनी एक मोटर काढली. २४ व्होल्टची, मिनिटाला २५०० फेऱ्यांची, आत कायमचुंबक असलेली. दांडा माझ्या हातात दिला. तारा सुट्या होत्या तोवर तो दोन बोटांत सहज फिरत होता. मिस्त्रींनी दोन्ही तारांची टोकं एकमेकांना टेकवली आणि म्हणाले, "आता फिरव." दांडा हटेना. म्हणजे फिरत होता, पण आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखा. टोकं सोडली की पुन्हा मोकळा. मी कितीतरी वेळ तेच करत बसलो. फॅरडेने १८३१ साली विद्युतप्रवर्तन शोधलं आणि लेन्झने पुढे त्या विरोधाचा नियम मांडला, हे मी बारावीत वाचलं. पण नियम वाचायच्या आधी तो मनगटाला कळलेला होता, आणि हे भाग्य फार थोड्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतं.

हिशोब त्यांनी दुकानाच्या फरशीवर खडूने मांडला. पेडलला मिनिटाला ६० फेऱ्या. पुढच्या चक्राला ४४ दात, फ्रीव्हीलला १८. म्हणजे मागच्या चाकाच्या साधारण १४७ फेऱ्या. टायर-ट्यूब काढून रिमवरूनच पट्टा न्यायचा, मोटरच्या दांड्यावर रिमच्या दहाव्या हिश्शाची पुली. झाल्या १४७० फेऱ्या, आणि एवढ्या फेऱ्यांना ही मोटर चौदा व्होल्ट देणार. बारा व्होल्टची बॅटरी भरायला तेवढेच लागतात. शाळा चौथीत सुटलेल्या माणसाचं हे गणित होतं, आणि सायकल उभी राहिल्यावर मीटरने ते खरं ठरवलं.

जोडणी झाली त्या संध्याकाळी मिस्त्री स्वतः घरी आले. मी पेडल मारायचं थांबवलं, तरी चाक थांबेना. पेडल जागच्या जागी आणि चाक आपलं फिरतंय. आजी घाबरून देवाचं नाव घ्यायला लागली. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "आता बॅटरी मोटरला फिरवतेय. तू भरलेलं ती परत देतेय." मग खिशातून डायोड काढून वायरमध्ये जोडला आणि चाक थांबलं. डायोड पहिल्यापासून त्यांच्या खिशात होता. मला ते दिसावं म्हणूनच त्यांनी तो आधी लावला नव्हता.

बॅटरी जुन्या सोलर कंदिलातली, १२ व्होल्ट, ७ एएच. दिवा त्यातलाच, ७ वॅटचा सीएफएल. एक छोटा अँपिअर मीटर लावून मिस्त्रींनी बजावलं, की काटा दोनच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, बॅटरी तापेल. पाऊण तास पेडल मारलं की दोन तासांचा अभ्यास व्हायचा. त्यांनी आणखी एक नियम घातला होता: ज्याला उजेड पाहिजे त्यानंच पेडल मारायचं.

तो नियम ताईने मोडला. ताईची शाळा आधीच सुटली होती. ती दिवसभर पायमशीनवर गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. परीक्षा जवळ आली तशी ती शिवणावरून उठून सायकलवर बसायला लागली. मी मारायचो तेव्हा काटा दीड ते अडीचमध्ये नाचायचा. ताई बसली की तो दोनवर ठरायचा, पाऊण तास तिथून हलायचा नाही. पायमशीनने तिच्या पायांना ती लय दिली होती. मी "ताई, मी मारतो ना" म्हटलं, की म्हणायची, "तू वाच. मला हे शिवणापेक्षा सोपंय."

घरबसल्या फुकट वीज, तासभर पेडल मारा आणि दिवसभर घर चालवा, असले दावे मी ऐकतो तेव्हा मला ताईचे पाय आठवतात आणि राग येतो. निरोगी माणूस दमछाक न होता पेडलवर साधारण ७५ वॅट देऊ शकतो. छताचा जुना पंखा तेवढेच खातो. म्हणजे एकाला वारा लागायचा तर दुसऱ्याने घाम गाळायचा. एक युनिट भरायला तेरा तासांहून जास्त पेडल मारावं लागेल. जर्मन सायकलपटू रॉबर्ट फॉर्स्टमान ७०० वॅटच्या टोस्टरवर पावाचा एक तुकडा भाजून जमिनीवर कोसळतो, ती चित्रफीत मी दर वर्षी वर्गात दाखवतो. पायांची वीज घर चालवायला नाही. एक दिवा, एक रेडिओ, एक मोबाइल, एवढ्यापुरती ती आहे, आणि अंधारात तेवढी फार मोठी असते.

पुढे विद्यार्थ्यांना घेऊन पाबळच्या विज्ञान आश्रमात गेलो. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली सुरू केलेली ही जागा. मुलं हाताने काम करत शिकत होती. मला ती पद्धत नवी वाटली नाही. बसस्टँडमागे मी तीच शाळा शिकलो होतो.

मिस्त्रींनी तेव्हा फक्त मोटरचे भंगारभावाने पैसे घेतले होते. "मजुरी नंतर बघू," म्हणाले होते. पहिला पगार झाल्यावर मी पाकीट घेऊन गेलो. त्यांनी ते बाजूला सारलं आणि विचारलं, "तू आता शिकलास. सांग, एवढी वीज देऊन चुंबक झिजत का नाही?" मी सांगितलं, की चुंबक स्वतःचं काही खर्चत नाही, वीज होते ती पेडल मारणाऱ्याच्या श्रमाची. त्यांनी दोन-तीन शंका काढल्या, माझ्याकडून पुन्हा समजावून घेतलं. मग म्हणाले, "मग मजुरी माझी कशी? ज्याचे पाय, त्याला दे."

त्या पैशांत ताईच्या पायमशीनला शिलाईची छोटी मोटर आणली. बसवायला मिस्त्रीच आले. पट्टा बेताचा ताणून त्यांनी तिला स्पीडचं पेडल दाबायला लावलं. ताईने एक लांब शिवण घातली, उलटून टाके तपासले, आणि म्हणाली, "मिस्त्री, खालचं चाक काढू नका हं. लाइट गेली की लागेल."