तात्पुरती

आमच्या ऑफिसात ‘तात्पुरता’ म्हणून लिहिलेला कोड वर्षानुवर्षं तसाच राहतो. खारीही १५ दिवसांसाठीच आली होती. पाच महिने झाले.

गाडीनं उडवलेली, वर्षभराची कुत्री. पाय बरा होईपर्यंत मी सांभाळायचं, मग तिला कायमचं घर शोधायचं, असं मैत्रिणीशी ठरलं होतं. पाय कधीच बरा झाला. रेबीजची लस झाली, नसबंदी झाली. त्याची खूण म्हणून कानाचं टोक कापलंय.

कुणीही आलं की खारी शेपटीसकट अख्खी हलते. डिलिव्हरीवाले, वॉचमनकाका, सगळे तिचेच. पण बघायला येणारे विचारतात, “जात कोणती?” गावठी म्हटलं, की “कळवतो.” सध्या माझ्याही लग्नाचं बघतायत, त्यामुळे ‘कळवतो’चा अर्थ मला पाठ आहे.

“मग तूच ठेव ना,” आई म्हणते. माझं घर ११ महिन्यांच्या करारावर. दिवसाचे दहा तास मी बाहेर. दहा-बारा वर्षं जगणाऱ्या जिवाला कशाच्या जोरावर शब्द देऊ?

रविवारी एक काका-काकू आले. स्वतःचं घर, पुढे अंगण. काकूंनी कापलेल्या कानावरून हात फिरवला. “ऑपरेशन झालंय, बरं झालं,” म्हणाल्या. दहाव्या मिनिटाला खारी त्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपली.

मला हेच तर हवं होतं. तरी मनात आलं, एवढ्या लवकर?

रात्री मैत्रिणीला “ठरलं” एवढंच टाईप केलं. पाठवायला अर्धा तास लागला. तोवर खारी माझ्या पायावर झोपली होती.